दुकानाचं मत

आमच्या रस्त्यावर सायकलसाठी वेगळी पट्टी आखायची असं नगरपालिकेच्या मनात आलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना कुणी बोलेनासं झालं.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. म्हणजे बाबांचं, चालवतो मी. पट्टी झाली तर दुकानांसमोर गाड्या लावायची जागा जाणार, म्हणून आम्ही दुकानदार विरोधात. संघटनेचा सचिव मी, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा. गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे, हा माझा मुद्दा. आमच्या दुकानासमोर दिवसभर माझीच गाडी उभी असते, हे खरं. पण मुद्दा मुद्द्याच्या जागी.

अडचण एकच होती. या रस्त्यावर रोज सायकल चालवणारा म्हणून जो एक माणूस सगळ्यांना ठाऊक होता, तो माझा बाप होता. आई गेल्यापासून बाबांचा पाय घरात ठरत नाही. वाचनालय, बाग, मित्राचं घर असं करत दुपारी ते माझा डबा दुकानात आणून देतात. गेल्या महिन्यात एक बस त्यांना चाटून गेली. कोपर सोलून निघालं. डब्याचं झाकणसुद्धा हललं नाही, याचंच त्यांना कौतुक.

शेवटी एका जेवणात बायकोनेच निकाल देऊन टाकला. "पट्टी झाली तर चालवा सायकल. नाही झाली तर विकून टाकायची. बाबा, मला तुम्हाला अंथरुणावर बघायचं नाहीये."

बाबा खाली मान घालून जेवत राहिले. सून म्हणेल ती पूर्व दिशा.

सभा शाळेच्या सभागृहात भरली. दुकानदारांचं बहुमत म्हणेल तसं करू, असं नगरपालिकेने कळवलं होतं. मी भाषण ठोकलं. "या रस्त्यावर सायकल चालवतं तरी कोण?" असं विचारलं आणि सभागृहात हशा पिकला. शेवटच्या रांगेत बाबा बसले होते. सगळे हसतायत म्हणून तेही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मतदान. एका दुकानाचं एक मत, आणि ते मालकानेच द्यायचं, असा आमचा नियम. भाडेकरूंनी गप्प बसावं म्हणून तो मीच करून घेतला होता. मालक बाबा. मी मनातून हरायला तयार झालो. तयार कसला, आसुसलो होतो. पट्टी होईल, सायकल राहील, आणि मी शेवटपर्यंत लढलो असं दुकानदारांना तोंड वर करून सांगता येईल. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि बाबांचं तेवढं राहिलं.

बाबा उठले. "विरोधात," म्हणाले आणि खाली बसले.

बुटांच्या दुकानवाल्याने मला कडकडून मिठी मारली.

बाहेर बाबा सायकलला कुलूप लावत होते.

"विरोधात कशाला दिलंत, बाबा? सायकल जाईल ना आता."

"दुकानाचं मत होतं ना ते? दुकान तू चालवतोस. तू म्हणालास तेच दिलं."

"आणि तुमचं?"

"माझं कुणी विचारलं?"

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सूनबाईला दे. उद्यापासून डबा सकाळीच घेऊन जात जा." मग रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावलीयस?"

"दुकानासमोर."

"जागा राहिली ती. बरं झालं," बाबा म्हणाले, आणि गाडीत बसायला माझ्या मागून चालू लागले.