कूलरच्या गवतातला कॅमेरा

फलकचा मीम दुपारी ऑफिसात आला. धुळीएवढे सेन्सर, हवेत तरंगणारे, सगळं पाहणारे; खाली डोळे वटारून बसलेली मांजर. तिनं लिहिलं होतं, ‘हे आपल्या वॉर्डनले भेटले असते तं आपली डिग्री झाली असती का वं?’

मी एकटीच हसले. अमरावतीच्या हॉस्टेलात ब्लूटूथनं एक जोक पाठवायचा तर दोन फोन गादीवर शेजारी ठेवावे लागत. तो पोचेपर्यंत आम्हीही शेजारी पडून असायचो, आधीच हसत. आता फलक अंजनगावला, मी अकोल्यात.

मी लिहून टाकलं, ‘मी घरी कॅमेरा लावलाय. बटणाएवढा. कूलरच्या गवतात.’

लगेच फोन. “कोनावर?”

“गंगूबाईंवर.”

“आपल्या मेसवाल्या? पागल झाली का? उशीर झाला का मागच्या दारानं घेत होत्या आपल्याले. कधी चुगली नाई केली!”

सगळं आठवत होतं. म्हणून तर, त्या लेकीकडे अकोल्यात राहायला आल्याचं कळताच, मीच त्यांना पोरीला सांभाळायला बोलावलं.

“पण पोरगी आठ महिन्यांची आहे फलक. नोकरीवर परतून माझा हा पहिलाच आठवडा. रोज काय काय वाचते मी...”

“वाचू नको,” म्हणून तिनं फोन ठेवला.

मी स्क्रीन उघडला. कॅमेरा लावला तेव्हा कूलर बंद होता. आज ऊन तापलं होतं, आणि ऊन तापलं की अकोल्यात कोणीही गवतावर पाणी मारणार, हे मी विसरले होते. चित्र हाललं. थेंब, बोटं, मग पदर. काच पुसली गेली आणि गंगूबाईंचा चेहरा आला.

“आकांक्षा, पाहून राहिली का? भिजलं असतं न हे. फळीवर ठेवते. आता दिसते का झोका?”

झोका स्वच्छ दिसत होता.

संध्याकाळी मी दारातच उभी राहिले. “मावशी, उद्या येता ना?”

“काहून नाई येनार?” त्या चप्पल शोधत म्हणाल्या. बराच वेळ शोधत होत्या. “ते राहू दे. तुह्या मनाले वाटन तवा काढ.”

त्या दिवशी मी तो काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांना फोन लावला. पोरीनं खिमट किती खाल्लं, कशी रडली, कशी झोपली, त्या सांगत राहिल्या. ऐकता ऐकता स्क्रीन उघडायचा राहून गेला.