शेवंताबाईंचं बटण

शेवंताबाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी हितेंद्रला सावद्याला पळावं लागलं. केळीची कापणी लागली होती, बांधावर ट्रक येऊन उभा होता. जळगावच्या दवाखान्यातून निघता निघता तो बायकोला म्हणाला, "नूतन, आईला दुखलं की हे बटण दाबायचं. मशीनमधून औषध जातं. सिस्टरनं समजावलंय सगळं."

सिस्टर समजावत होती तेव्हा नूतन खाली मेडिकलवर होती. नवरा अर्धंच सांगून गेला, हे तिला कसं कळावं?

शेवंताबाई बटण मुठीत धरून पडल्या, पण दाबेनात. घरात सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते आपलं, अशी त्यांची जन्माची सवय. "दाबू का व माय? मले जास्त तर नाही होणार?" असं सुनेला विचारायच्या आणि दात आवळून घ्यायच्या. कपाळावर घाम, ओठ पांढरे. नूतनला बघवेना. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं तिला एक उणा शब्द ऐकवला नव्हता.

दुपारी त्यांचा डोळा लागला. झोपेतही त्या कण्हल्या. नूतननं त्यांच्या मुठीतून बटण अलगद सोडवलं आणि दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा कण्हणं, पुन्हा दाबलं. असं बराच वेळ चाललं. हळूहळू कण्हणं थांबलं, घोरणं सुरू झालं. नूतनला हायसं वाटलं.

मग घोरणंही थांबलं.

आता श्वास येईल म्हणून ती छातीकडे बघत राहिली. चादर हलेना. एक श्वास आला, एवढासा, आणि पुन्हा काही नाही.

"आई? आई, उठा ना!"

खांदा हलवला तर मान एका बाजूला कलंडली. नूतन किंचाळली.

सिस्टर दिपमाला धावत आली. तिनं आधी मशीन बंद केलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. "आजी, डोळे उघडा! श्वास घ्या, मोठा श्वास!" मागोमाग डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "बटण कोण दाबत होतं?"

आई गेल्या तर? हितेंद्रला काय सांगायचं? 'त्याच दाबत होत्या' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मी," नूतन म्हणाली. "त्या झोपल्या होत्या. मीच दाबत होते."

डॉक्टरांनी लगेच औषधाचा असर उतरवणारं इंजेक्शन दिलं. नूतन भिंतीला टेकून उभी राहिली. घरातल्या देव्हाऱ्यातल्या एकाही देवाचं नाव तिला आठवेना. मग शेवंताबाईंनी खोल श्वास ओढला, डोळे उघडले आणि वेदनेनं हंबरडा फोडला. तो ऐकून नूतन मटकन खाली बसली.

दिपमालानं तिला बाहेर नेलं. "अहो, ज्याला दुखतं त्यानंच दाबायचं असतं. औषध जास्त झालं की माणसाला झोप येते, झोपलेला हात बटण दाबत नाही, म्हणून धोका टळतो. त्यांच्या झोपलेल्या हाताऐवजी तुम्ही तुमचा जागा हात लावलात."

संध्याकाळी डॉक्टरांनी औषध कमी करून मशीन पुन्हा लावलं. शेवंताबाईंनी बटण लांब सारलं. "नको व माय. हे मारते मले."

"तुमच्या हातानं काही झालं नाही, आई," नूतन म्हणाली. "माझ्या हातानं झालं. तुम्ही झोपला होतात आणि मी दाबत राहिले."

शेवंताबाईंना पुन्हा कळ आली. त्यांनी कुणाला न विचारता बटण ओढून घेतलं आणि दाबलं.

"जाय, चहा पिऊन ये," त्या म्हणाल्या.

नूतन हलली नाही. खुर्ची पलंगाला चिकटवून ती चादरीच्या वरखाली होण्याकडे टक लावून बसली. दोन श्वासांमध्ये जरा उशीर झाला, की तिचाही श्वास थांबायचा.