डॅमसन फुललंय का?

"तारेच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, बाई. दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी तुम्ही अशा बघता, जसं काही मी तुमच्या ताटातलं उचललं."

"ताटातलं नाही, परसातलं," बेरिल म्हणाली.

सार्जंट पोलार्ड हसला. माणूस वाईट नव्हता. तारेवरची कवटीची पाटी काही त्याने रंगवली नव्हती, आणि लिंचकोम गाव लष्कराने घेतलं तेव्हा तर त्याचा जन्मही झाला नव्हता.

ईस्टरच्या सोमवारी फाटक उघडायचं. बसमधून म्हातारी माणसं उतरायची, चर्चमध्ये प्रार्थना व्हायची, मग कबरींच्या मधोमध टेबल मांडून चहा आणि केक. चार वाजता फाटक बंद, ते पुढच्या वर्षापर्यंत. गावातलं चर्च तेवढं उभं होतं. बाकी घरं तोफांच्या सरावात गेली. बेरिलचं घर वळणापलीकडे होतं, म्हणजे घराची जागा होती. तिथवर जायची सोय नव्हती. गवतात न फुटलेले गोळे होते.

"फक्त एक फांदी हवी," ती म्हणाली. "आमच्या डॅमसनची, त्या आंबट आलुबुखाराच्या झाडाची. आयव्हीसाठी."

"आयव्ही कोण?"

"माझी थोरली बहीण. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा काही बघणार नाही."

पोलार्डने टोपी काढली, पुन्हा घातली. "एका फांदीपायी तुमचे तुकडे गोळा करायचे का मी?"

"जाऊ द्या हो तिला," मागून लोहाराचा अर्नी ओरडला. वय ऐंशीच्या घरात, पण जिभेला गंज नाही. "पण आधी केक वाटून घे गं बेरिल, मग उड काय उडायचं ते!"

सगळे हसले. बेरिलही हसली, आणि केकचे तुकडे करायला वळली. जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात तिने चादरींना इस्त्री केली होती. हात कामात असले की मन कुठेही जायला मोकळं असतं, हे ती तिथेच शिकली.

मन गेलं ते त्या डिसेंबरात. दुसरं महायुद्ध चालू होतं. लष्कराने गावाला सांगितलं, नाताळच्या आत निघा, युद्ध संपलं की परत या. शेवटच्या सकाळी आई गुडघ्यांवर बसून दारातली दगडी पायरी घासत होती. लोखंडी चूल तर आदल्या रात्रीच पॉलिश लावून चकचकीत काळी करून झाली होती.

"अगं, यावर आता तोफा चालायच्या," बाबा म्हणाले.

"चालू देत. पण परक्या माणसांनी येऊन म्हणायला नको, इथली बाई घाणेरडी होती."

गल्लीतल्या प्रत्येक बाईने तेच केलं. लिंचकोमच्या बायका गाव सोडून निघाल्या, तेव्हा मागे सगळ्या पायऱ्या ओल्या होत्या.

आठ वर्षांच्या बेरिलने बूट घालायचं नाकारलं. बूट नाहीत तर जायचं नाही, असा तिचा साधा हिशेब. तेव्हा तेरा वर्षांची आयव्ही तिच्यापुढे बसली, नाड्या ओढून दुहेरी गाठ मारली आणि म्हणाली, "उगी गं बेरू. डॅमसन फुलायच्या आत परत येऊ."

युद्ध संपलं. गाव काही परत मिळालं नाही.

आयव्ही या सोमवारी कधीच आली नाही. "माझ्या गावात मी पाहुणी म्हणून जाणार नाही," म्हणायची. पण संध्याकाळी बेरिल परतली की एकच प्रश्न विचारायची, "डॅमसन फुललंय का?" बेरिल म्हणायची, "फुललंय." झाड आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं. आता आयव्ही वृद्धाश्रमात होती. नवऱ्याचं नावही विसरली होती, तरी प्रश्न तोच. आणि या वर्षी बेरिलला खोटं बोलायचं नव्हतं. बहिणीला निरोप द्यायचा तर हातात खरं काहीतरी हवं.

चहाच्या गडबडीत ती निघाली. रस्त्याने सरळ, वळणापर्यंत, तारेपर्यंत. एक हात तारेवर ठेवला. नजर दूर, जिथे लहानपणी घराचं धुराडं दिसायचं तिथे. तिथे नुसतं गवत. झाड नाही, काही नाही. तिने खालची तार पायाने दाबली.

तेवढ्यात कोटाच्या बाहीला काहीतरी पांढरं चिकटलं.

पाकळी.

मग तिने जवळ पाहिलं. इतकी वर्षं ती लांबच पाहत आली होती. चरातल्या कुंपणाच्या झुडपात, काट्यांमधून, पांढरी बारीक फुलं. चराच्या कडेकडेने फुटव्यामागून फुटवा, थेट घराच्या बाजूकडून इथवर. डॅमसन अख्ख्या गावात त्यांच्याकडेच होतं. मुळातून फुटवे काढायची त्याला भारी खोड. बाबा दर वर्षी ते तोडायचे आणि चिडायचे, "हे झाड एक दिवस चालत गाव सोडून जाईल!"

झाड निघालं होतं खरं. गाव सोडायला नाही. दारात कोण आलंय ते बघायला.

"बाई!" पोलार्ड धावत आला. "पाय मागे घ्या! आधी पाय मागे!"

बेरिलने पाय मागे घेतला. "आमचं आहे," एवढंच म्हणाली.

पोलार्डने झाडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. एक फांदी तारेवरून बाहेर रस्त्यावर झुकली होती. त्याने खिशातून चाकू काढला.

"बाहेर आलेलं लष्कराचं नाही," तो म्हणाला, आणि फांदी तिरपी, नीट कापून तिच्या हातात दिली.

संध्याकाळी आयव्ही खिडकीशी बसली होती. बेरिलने फांदी तिच्या मांडीवर ठेवली. आयव्हीने ती नाकाशी नेली.

"म्हणजे या वेळी खरंच घरी गेलीस."

"दर वर्षीच जाते की."

"चल! खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. लहानपणापासून." तिने फुलांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आणि मला नेलं नाहीस."

आयव्हीने पायातल्या सपाता झटकल्या आणि दोन्ही पाय पुढे केले.

"बूट आण."

कपाटात बाहेर जायचे बूट होते, इथे आल्यापासून न वापरलेले. बेरिल जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. सुजलेले पाय तिने हलकेच आत बसवले आणि नाड्या ओवायला घेतल्या.

दारात परिचारिका जेवणाचा ट्रे घेऊन उभी राहिली. "हे काय, आयव्हीबाई? कुठे निघालात या वेळेला?"

"थांब जरा," आयव्ही म्हणाली. "आईने आत्ताच पायरी घासलीय. वाळू दे."

बेरिलने वर पाहिलं नाही. नाडी ओढली आणि दुसरी गाठ मारली.