दिवसाला चार माणसं

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आमच्या घरात आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि माझ्याच नशिबी काम आलं ते सचिवांच्या मागच्या रांगेत गप्प बसायचं. वर्षातून एकदा निवडून आलेल्या सदस्यांची समिती एकेका खात्याला समोर बसवते आणि विचारते, पैसे दिले होते त्यांचं काय केलंत. उत्तरं द्यायची फक्त सचिवांनी. मागे बसणाऱ्यांनी तोंडातून ब्र काढायचा नाही. फारच अडलं तर चिठ्ठी लिहायची आणि साहेबांच्या कोपरापाशी सरकवायची. सात वर्षं मी हे करत होते, आणि माझ्या चिठ्ठ्यांवर साहेबांनी पुष्कळ वाहवा मिळवली होती.

आमचं खातं वाचनालयं, संग्रहालयं आणि नाट्यगृहांचं. पैसा बेताचा, प्रश्न मात्र ढीगभर. यंदा एकोणचाळीस प्रश्न आठवडाभर आधी लेखी आले. सत्ताविसावा मी दोनदा वाचला. बाजारामागच्या वाचनालयात दिवसाला सरासरी चार माणसं येतात, तर ते चालू ठेवण्याचं कारण काय, असा तो प्रश्न होता.

ते वाचनालय माझी नणंद चालवते, बावीस वर्षं. आणि चारचा आकडा माझा.

तीन वर्षांपूर्वी मीच हट्ट धरला होता की प्रत्येक वाचनालयाच्या दारावर माणसं मोजणारं यंत्र बसवा. त्याआधी वहीत सह्या घेत. एकच माणूस तीनदा सही करी, आणि एका गावी तर वारलेले गृहस्थ दोन वर्षं नेमाने पेपर वाचायला येत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. यंत्र कुणाची भीड ठेवत नाही, असं मी टिपणीत लिहिलं. साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते दोन भाषणांत वापरलं.

आता कुणी म्हणेल, नणंद घरचीच, तिला विचारायचं की. पण आमच्या घरात एक नियम आहे. मी आणि ताई एकाच खात्यातल्या, त्यातून दोघी हट्टी. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी जेवताना आमची पुस्तकखरेदीवरून अशी जुंपली की माझ्या नवऱ्याने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवला. तेव्हापासून ऑफिसचा विषय घरात काढायचा नाही, असं ठरलं. ताई आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, रोज येते, भाजी निवडते, माझ्या आमटीला नावं ठेवते, पण वाचनालयाबद्दल चकार शब्द नाही. मीही कधी तिकडे फिरकले नव्हते.

त्या रविवारी मी नियम मोडला. ताईला सांगितलं, तुझं वाचनालय बंद करायचं घाटतंय, तुला गोदामाच्या कचेरीत पाठवतील. ती शेंगा सोलत होती. हात थांबला नाही, पण चेहरा उतरला. किती माणसं लिहिलीयत, असं तिने विचारलं. चार म्हटल्यावर हसली आणि म्हणाली, चार तर नुसते माझ्या खुर्चीमागे उभे असतात. मला वाटलं, प्रत्येकाला आपलंच दुकान भरलेलं दिसतं. तसं बोलूनही दाखवलं. ताई शेंगांचं पातेलं तिथेच टाकून वर निघून गेली आणि पुढचे चार दिवस खाली उतरली नाही.

त्या चार दिवसांत माझी जी घालमेल झाली ती मलाच माहीत. उत्तरं छापून समितीकडे गेली होती. सत्ताविसाव्याचं उत्तर मीच लिहिलं होतं: आकडा बरोबर आहे, वाचनालय दुसऱ्यात विलीन करण्याचा विचार चालू आहे. पाणी प्यायला उठायची आणि न पिताच परत यायची. शेवटी बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि निघाले.

पुढच्या दारात एक भलीमोठी कुंडी होती, वाट अडवून ठेवल्यासारखी. तिला वळसा घालून आत पाऊल टाकलं आणि डोक्यावर पीं करून जोरात आवाज झाला. ते माझं यंत्र होतं. आत सगळ्यांनी माना वर केल्या आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्यांनी म्हणजे खोली भरून माणसांनी. म्हातारे, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली, रात्रपाळी करून आलेला एक पहारेकरी, खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेली एक बाई कडेवर मूल घेऊन. एकही खुर्ची रिकामी नव्हती. मी उभी असतानाच मागच्या बाजूने, पुस्तकांची खोकी ठेवतात त्या खोलीतून, आणखी तिघं आत आले आणि कुठेही आवाज झाला नाही.

ताईने मला हाताला धरून त्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. यंत्र बसलं तेव्हापासून माणूस आत आला की पीं व्हायचं, वाचणारे दचकायचे, भांडणं व्हायची. पहिल्या महिन्यात निम्मे लोक यायचे बंद झाले. मग तिने पुढच्या दारात कुंडी ठेवली आणि सगळ्यांना मागचं दार दाखवलं. पुढून आता यायचे ते टपालवाला, पेपरवाला, झाडणारी बाई आणि वाट चुकलेला एखादा. झाले चार.

मी तिच्यावर खेकसले. कळवायचं नाही का? ताईने खोक्यावरची एक फाइल काढून माझ्या हातात दिली. आवाज बंद करा नाहीतर यंत्र काढा, अशी तीन पत्रं तिने आमच्या विभागाला लिहिली होती, तीन वर्षांत तीन. पोच म्हणून परत आलेल्या प्रतींवर शेरा होता, 'दाखल'. म्हणजे वाचलं, ठेवून दिलं, काही करायचं नाही. खाली सही माझी होती, न वाचताच ठोकलेली.

"घरात बोलायचं नाही असं ठरलं होतं ना," ताई म्हणाली. "म्हणून लिहिलं."

मला इतकी लाज वाटली की रागसुद्धा येईना. आणि राग येईना असं माझं सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना बैठकीच्या दालनाबाहेर गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले की छापील उत्तर समितीपुढे आहे. एक आकडा खोटा म्हटला तर बाकीच्या एकशेबारा वाचनालयांचे आकडे कुणी खरे मानायचे? एक वाचनालय गेलं तर गेलं, पण खात्याची अब्रू जाता कामा नये. तुमच्या नणंदबाईंची सोय मी जातीने बघेन, असंही म्हणाले. मी मागच्या रांगेत जाऊन बसले.

दालनात जाड गालिचा, लंबगोल टेबल, प्रत्येक खुर्चीसमोर माइक. जो बोलेल त्याच्या माइकवर लाल दिवा लागतो. मागच्या रांगेला माइक नसतो. संग्रहालयाच्या गळक्या छपरावर पाऊण तास गेला, नाट्यगृहाच्या पडद्यावर अर्धा. सव्विसावा प्रश्न संपला.

सत्ताविसावा ज्यांनी विचारला होता ते सदस्य उंच, आवाज खणखणीत, आणि खर्चाच्या बाबतीत इतके काटेकोर की आमच्या ऑफिसात त्यांना 'कात्री' म्हणत. चार माणसांसाठी एक इमारत, एक पगार, वीज, पाणी. त्यापेक्षा चौघांना घरपोच पुस्तकं पाठवा, असं ते म्हणाले आणि समिती हसली. साहेबही हसले. विलीनीकरणाचं वाक्य त्यांनी सुरू केलं. मी चिठ्ठी लिहिली: आकडा चुकीचा आहे. साहेबांनी वाचली आणि पाण्याच्या ग्लासखाली ठेवली. मी दुसरी लिहिली: लोक मागच्या दाराने येतात. तीही ग्लासखाली गेली. तिसरीत लिहिलं: तीन पत्रं आली होती. ती त्यांनी वाचलीच नाही.

मग कात्रींनी सहज विचारावं तसं विचारलं की हे चार मोजले कुणी? साहेब म्हणाले, यंत्राने. यंत्र कुणाची भीड ठेवत नाही.

माझंच वाक्य ते. मी उठून उभी राहिले. खुर्ची मागे भिंतीवर आपटली आणि सगळी समिती माझ्याकडे बघायला लागली. अध्यक्षबाई वयस्कर, केस पांढरेशुभ्र; त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, काय हवंय. मी साहेबांच्या खांद्यावरून वाकून त्यांच्या माइकमध्ये बोलले.

"यंत्र मी बसवलं. आकडा चुकीचा आहे. कळवणारी तीन पत्रं आली होती, ती मीच दाखल करून ठेवली."

आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटले. कुंडी, मागचं दार, पहारेकरी, कडेवर मूल घेतलेली बाई. कात्रींनी मध्येच विचारलं, वाचनालय चालवणाऱ्या बाई आपल्या कोण? नणंद, असं मी म्हटलं. ते मागे टेकले आणि वा म्हणाले. एवढंच. अध्यक्षबाईंनी विचारलं, बरं, मग खरी माणसं किती?

मी, जिचा सगळा जन्म आकड्यांत गेला ती, तिथे जाऊन आले होते आणि माणसं मोजलीच नव्हती. तसंच सांगून टाकलं. मोजली नाहीत, पण बसायला जागा नव्हती.

अध्यक्षबाईंनी प्रश्न राखून ठेवला. उद्या सकाळी दहाला समिती स्वतः जाऊन बघेल, म्हणाल्या.

मी धावतपळत ताईकडे गेले. म्हटलं, ताई, उद्या एक दिवस कुंडी हलव. सगळ्यांना पुढून येऊ दे, यंत्रावर शंभर चढू देत, कागदावर आकडा लागतो गं. ताईने मला नखशिखान्त पाहिलं. मी तिचीच नोकरी वाचवायला आले होते आणि तिला माझीच कीव आली असावी.

"कुणाला दाखवायला मी त्यांना दचकवणार नाही," ती म्हणाली. "समितीला मागून यायला सांग."

मी पाया पडायची बाकी राहिले. बाई ऐकेना. परत बाहेर पडले ते, नोकरी तुझी, वाचनालय तुझं, जा खड्ड्यात, असं पुटपुटतच. घरी येऊन नवऱ्यावर चिडचिड केली, तर तो म्हणाला, ताई तशीच आहे, तूही तशीच आहेस, मी जेवायला कुठे जाऊ?

दुसऱ्या दिवशी दहाला मी समितीला गल्लीतून नेलं, सायकलींच्या मधून, नळाजवळून, खोक्यांच्या खोलीतून. साहेबांच्या बुटांना चिखल लागला. आत नेहमीसारखीच गर्दी होती. कुणी उठलं नाही, कुणी नमस्कार केला नाही. ताईने ओठांवर बोट ठेवलं आणि आलेले सहाही सदस्य गप्प उभे राहिले. अध्यक्षबाईंना बसायला जागा मिळाली नाही. त्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावरून त्याचाच पेपर वाचत होत्या, आणि पान उलटायच्या आधी तो त्यांच्याकडे बघून थांबत होता.

कात्री आमच्याबरोबर नव्हते. मला वाटलं, आलेच नाहीत. आणि तेवढ्यात पुढून जोरात पीं झालं. कुंडीला वळसा घालून ते दारात उभे होते. आम्ही काय दाखवतो ते न बघता आपलं आपण बघावं म्हणून एकटेच पुढून आलेले. खोलीभर माना वर झाल्या. कडेवरचं मूल झोपलं होतं ते दचकून रडायला लागलं. कात्री जागच्या जागी थिजले. मग हलक्या आवाजात त्या बाईला माफ करा म्हणाले आणि तासभर भिंतीला टेकून उभे राहिले. निघाले ते मागच्या दाराने.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दालन, पुन्हा गालिचा. अध्यक्षबाईंनी साहेबांना विचारलं की काल दहा ते अकरा त्या वाचनालयात किती माणसं आली, तुमचं यंत्र काय म्हणतं? यंत्र तासागणिक नोंद ठेवतं. कागद माझ्याकडे होता. मी चिठ्ठी लिहिली, साहेबांच्या कोपरापाशी सरकवली. ह्या वेळी त्यांनी ती ग्लासखाली ठेवली नाही. माइकपाशी धरून वाचली.

"एक."

कुणी हसलं नाही. समोर लाल दिवा लागला तो कात्रींच्या माइकवर.

"तो मी," ते म्हणाले. "आणि तिथे नको असलेलाही मी एकटाच होतो."

सत्ताविसावा प्रश्न त्यांनी स्वतः मागे घेतला. बाकीची एकशेबारा वाचनालयं मात्र माणसं पाठवून पुन्हा मोजा, असंही बजावलं. खर्चाचा माणूस तो. साहेबांनी मला मागच्या रांगेतून उठवलं आणि पत्रं येतात त्या आवक विभागात बसवलं. शिक्षा म्हणून. माझी तक्रार नाही. तिकडे जायच्या आधी यंत्र काढायचा आदेश मीच लिहून दिला होता.

आठवड्याने ताईचं पत्र माझ्याच टेबलावर आलं, खात्याच्या नावे, जावक क्रमांकासकट. यंत्र काढल्याबद्दल आभार मानले होते. लोकांना आता मागच्या दाराचीच सवय झाली आहे, तेव्हा कुंडी आहे तिथेच राहील, असं कळवलं होतं. शेवटी लिहिलं होतं की दोन बाकांची निकड आहे. मी पत्र दोनदा वाचलं, बाकांसाठी टिपणी तयार केली, आणि संध्याकाळी शेंगा घेऊन वरचा मजला चढले.