नमुन्याचा नळ

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, वर्तमानपत्र वाचायला चष्मा लागतो, संतापायला लागत नाही. चष्मा सापडायच्या आतच ते म्हणतात, "या देशाचं काही खरं नाही." मग रस्ते, शाळा, दवाखाने, वीज असं करत ते पाण्यावर येतात. तिथे आवाज चढतो, कारण अण्णांची सगळी नोकरी पाणीखात्यात झाली आणि मोठे अधिकारी म्हणून ते तिथूनच निवृत्त झाले. शेजारचे दोन निवृत्त मित्र रोज सकाळी येतात आणि त्यांच्या शब्दाशब्दाला माना डोलावतात.

यातलं काही आमच्या घरापर्यंत पोचत नाही. वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो. घर टेकडीच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीच्या लगेच खाली आहे, त्यामुळे नळाला दिवसभर जोरात पाणी असतं. तेही आम्ही फिल्टरमधून गाळून पितो.

अंगणातला नळ हा खात्याचा नमुन्याचा नळ आहे. दर महिन्याला खात्याचा एक माणूस बर्फाची पेटी घेऊन येतो आणि तपासणीसाठी तिथून बाटली भरून नेतो. आम्ही त्यांना बाटलीवालेच म्हणतो. ही जागा अण्णांनी नोकरीत असताना ठरवली. हेतू वाईट नव्हता. घर चटकन सापडावं, कुणीतरी दार उघडावं, नळ स्वच्छ असावा, एवढंच मनात होतं. पुढे बाटलीवाल्यांचा चहा ठरून गेला आणि अण्णांना आणखी एक श्रोता मिळाला. टाकीपासून आमच्या नळापर्यंत पाण्याला बिघडायला वावच नाही. म्हणून आमच्या सगळ्या भागाचं पाणी तपासणीत कायम उत्तम ठरतं.

हा भाग उतारावरून पार खालच्या आळीपर्यंत जातो. तिथे जुना पाइप गटाराला खेटून गेला आहे. पाणी थोडा वेळ येतं, बाकी वेळ पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप बाहेरची घाण आत ओढतो. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्या आळीत राहतात.

एकदा कणीक मळता मळता मावशी म्हणाल्या की आळीत कावीळ आली आहे, घरटी कुणाचे ना कुणाचे डोळे पिवळे. त्याच दमात त्यांनी सांगितलं, की लेक राहायला आली आहे, सातवा महिना लागलाय. जावयाचं काम लांबच्या गावी, तिथे ती दिवसभर एकटी असायची.

मी एका बिस्किट कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पाण्यातून पसरणारी एक कावीळ अशी आहे, की ती बहुतेकांना अंथरुणावर पाडते आणि सोडून देते. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला ती सोडेलच असं नाही. मी मावशींच्या नळाचं पाणी नेऊन तपासायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या परीक्षानळ्या गढूळ झाल्या होत्या आणि आत वायू धरला होता. याचा अर्थ पाण्यात मैला होता.

मावशींना मी सांगितलं, पाणी उकळा, आणि जमलं तर लेकीला दुसरीकडे पाठवा.

"कुठे पाठवू, वहिनी? कुठे सोय असती तर माझ्याकडे आली असती का?"

तेव्हापासून त्या जाताना लेकीसाठी आमच्या नळावरून एक कॅन भरून नेऊ लागल्या. कॅन प्यायला पुरायचा. तोंड धुवायला, भांडी विसळायला आळीतल्याच नळाचं पाणी लागायचं.

मी खात्याच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून सभ्य होता. तुमच्या भागाचे नमुने चांगले आहेत, बाहेरची तपासणी आम्हाला चालत नाही, आणि खात्याचा नमुना खराब आल्याशिवाय पाइप खणता येत नाही, असं त्याने समजावलं. नमुना खालच्या आळीतून घ्या, म्हटलं तर जागा बदलायला वरून हुकूम लागतो. मी उठले तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुमचे सासरे बोलले तर एका फोनचं काम आहे. आताचे साहेब त्यांच्याच हाताखाली शिकलेत."

संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि प्रश्नही नेमके विचारले. पाइप कुठे फुटला असेल हेसुद्धा त्यांनी अंदाजाने सांगितलं. मावशींच्या लेकीबद्दल ऐकून ते हळहळले. म्हणाले, उद्याच फोन करतो.

दुसऱ्या दिवशी मित्र आले. मी चहा देताना आठवण केली.

"करीन गं. पण तुला आत्ताच सांगून ठेवतो, काही होणार नाही. तो म्हणेल, बघतो साहेब. मीही तेच म्हणायचो."

मित्र हसले. मग त्यांच्यापैकी एकाने बाहेरच्या देशांत नळाचं पाणी थेट कसं पितात हे सांगितलं, आणि फोन तसाच राहिला. मी रोज आठवण करत होते. एकदा त्यांनी फोन हातातही घेतला, मग खाली ठेवला. "कुणाकुणाला सांगणार? अख्खी व्यवस्थाच सडलीय."

त्या महिन्यात बाटलीवाले आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझ्याबरोबर खाली चला, एकच बाटली भरा. ठरलेली जागा सोडली तर नोकरी जाईल, असं म्हणून त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. "तो बिचारा तरी काय करणार?"

मग एका सकाळी मावशी पदर खोचायच्याऐवजी दारातच उभ्या राहिल्या. लेकीचे डोळे पिवळे झाले होते आणि ती काहीबाही बडबडत होती.

अण्णांनी ताबडतोब फोन उचलला. मोठ्या दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांशी बोलले, आवाज चढवला, आणि तासाभरात तिला खाट मिळाली. गाडीही त्यांनीच पाठवली. त्यांच्या फोनला अजून केवढं वजन आहे, ते मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलं.

तिची शुद्ध परत आली नाही. पोटातलं बाळ आधी गेलं, मागोमाग ती गेली.

काही दिवसांनी मावशी कामावर आल्या. घरी बसून भिंतीच दिसतात, एवढंच म्हणाल्या. आणि पुढच्या महिन्याचे बाटलीवाले आले.

अण्णांनी त्यांना सगळी हकिकत सांगितली. चांगली सांगितली, आवाज कापत होता. मध्येच थांबून त्यांनी आत हाक मारली. "मावशी, कितवा महिना होता हो तिला?"

मावशी कप घेऊन बाहेर येत होत्या. "आठवा."

"आठवा," अण्णा बाटलीवाल्यांना म्हणाले. "बघ. काय देश आहे हा."

"खरंय, साहेब."

मी म्हटलं, "अण्णा, मावशींच्या शेजारच्या घरात एक आहे. तिला पाचवा लागलाय. आत्ता, हे बाटली घेऊन इथे असतानाच फोन करा."

त्यांनी चष्मा काढला. डोळे खरंच भरले होते. "आता काय उपयोग, बाळा? या देशात माणसाच्या जिवाला किंमत नाही."

बाटलीवाल्यांनी नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने शेकून निर्जंतुक केलं, थोडं पाणी वाहू दिलं, मग बाटली धरली. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. त्यांनी बाटलीवर आमच्या भागाचं नाव लिहिलं आणि ती बर्फात ठेवली. खालची आळी त्याच नावात येते.

नळ मोकळा झाल्यावर मावशींनी सवयीने कॅन खाली लावला. तो अर्धा भरला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी नळ बंद केला आणि ओणव्याच थांबल्या. मग पुन्हा सोडला, कॅन काठोकाठ भरला.

"शेजारणीला देते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

दोघं एकदमच फाटकातून बाहेर पडली. बर्फाची पेटी कार्यालयाकडे गेली, कॅन उतारावरून खाली. अण्णांनी वर्तमानपत्र उघडलं आणि चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारलं. तो त्यांच्या हातातच होता.