पडून असलेली प्रत

आई टेबलाशी कोबी चिरत होती. मुलाने तिची परात कोपराने बाजूला सारली आणि तिथे आपला लॅपटॉप मांडला. "जरा सरकव" म्हणायचीही त्याला गरज वाटली नाही. दोन-चार पानं जमिनीवर पडली. आईने ती उचलली नाहीत. बघू, कोण उचलतं.

नव्या फ्लॅटची वीज गेली, म्हणून साहेब आज इथे उगवले होते. मागे तिथलं पाणी गेलं तेव्हा आंघोळीला आले होते, त्याआधी सूनबाईंशी वाजलं तेव्हा झोपायला. तिकडे सगळं धड असलं की मात्र हे घर ओल आलेलं, जुनाट, विकून मोकळं व्हावं असं. आज तर संध्याकाळी दलालालाही बोलावून ठेवलं होतं.

"तो नुसत्या भिंती मोजून जाईल, आई. लगेच कोणी तुला बाहेर काढत नाहीये."

"काढून बघ," आई म्हणाली आणि सुरी पुन्हा उचलली.

तेवढ्यात त्याच्या कंपनीतल्या वरिष्ठाचा फोन आला. मुलगा आधी नुसता हो-हो करत राहिला. नाहीतरी त्याला दुसरं काय येतं, असं आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग एकाएकी त्याचा आवाज चढला.

"नाही सर, जुनी पुसायची नाही! जागा कमी पडतेय तर नवी कापून-कुपून बसवतो. पण जुनीला हात लावणार नाही."

फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"बायकोसमोर कधी निघाला नाही हा आवाज," आई म्हणाली. "कोण एवढी लाडकी जुनी?"

"डोंगरापलीकडे एक पंपघर आहे. तिथल्या पेटीत पंप चालवणारी एक चिप आहे. तिने कसं वागायचं ते शेजारच्या मेमरीत लिहिलेलं असतं. सुरू झाली की ती ते वाचते आणि तशी वागते. मी इथून नवं लिहून पाठवतोय."

"म्हणजे स्वतःची अक्कल नाही. लिहून देतील तसं वागायचं. ओळखीची वाटते."

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला. "मेमरीत दोन प्रती असतात. जुनी खात्रीची, ती तशीच ठेवायची. नवी फसली, तर चिप आपणहून जुनीवर परत येते. जुनीच पुसली आणि नवी फसली, तर पेटी मेली. गावांचं पाणी बंद आणि माझी नोकरीही गेली."

"आणि नवी नीट चालली तर? मग जुनी काय करते?"

"काही नाही. पडून असते."

"कोणी बघतं तिच्याकडे?"

"कशाला बघायचं? ती आहे, एवढं पुरे."

आईची सुरी कोबीत अर्ध्यावर थांबली. मग तिने तो तुकडा सावकाश पुरा कापला.

पडद्यावरची पट्टी भरत गेली, भरली, आणि पेटी गप्प झाली. मुलगा शाळेत असताना खायचा तशी नखं खाऊ लागला. आईने त्याच्यासमोर पाण्याचा पेला आदळला. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"बोलत नाहीये, आई. काहीच बोलत नाहीये."

बराच वेळ गेला. मग पडद्यावर एक ओळ उमटली आणि तो खुर्चीत मागे कोसळला.

"आली! जुनीवर परत आली. पंप चालू आहेत." तो एकटाच हसत सुटला. परातीतला कच्चा कोबी तोंडात टाकत त्याने पाय लांब केले, ओल आलेल्या भिंतीकडे मायेने पाहिलं आणि म्हणाला, "आई, राहू दे हे घर. नको विकायला. असावं असं एक. उद्या तिकडे आमचं काही झालंच, तर..."

वाक्य पुरं करायचीही त्याला गरज वाटली नाही.

'नको विकायला' एवढं ऐकण्यासाठी ती कितीतरी महिने सुनेशी भांडली होती, दोन दलालांना दारातूनच हाकललं होतं. आता ते समोर आलं, तर भाजीतून निघालेल्या अळीकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं.

बेल वाजली.

"दलाल असेल. मी परत पाठवतो त्याला," मुलगा उठत म्हणाला.

"बस तू. पंपघर बघ."

तिने हात पुसले आणि दार उघडलं. म्हातारी अंगावर येते, हे दलालाच्या कानावर गेलेलं असावं. तो एक पायरी खालीच उभा होता.

"या आत. भिंती मोजा. ओल आहे, तीही नीट बघून घ्या, मागाहून कुरकुर नको."

"आई, अगं मी आत्ताच काय म्हणालो?"

"ऐकलं मी." ती दलालाकडेच बघत होती. "आणि माझ्यासाठी एक खोली बघा. तळमजल्यावरची. एका माणसापुरती. दुसरी खाट मावता कामा नये."

दलालाने टेप काढला आणि दुसरं टोक धरायला कोणी आहे का, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आईने ते टोक हातात घेतलं, कोपऱ्यात गेली आणि भिंतीला घट्ट दाबून धरलं.

मुलगा टेबलाखाली वाकला आणि कोबीची पानं गोळा करू लागला.