तांब्याच्या रंगाची तार

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमच्यापैकी कुणीही विश्वास ठेवणार नाही. पंख्यांच्या मोटरी भरण्यात एकतीस वर्षं घालवलेला तो वाइंडर नुसती जीभ लावून तारेची जाडी सांगायचा. आणि एकदा तर त्याच्या संतापाच्या वाफेवर बंद पंखा तीन फेरे फिरला होता. वीज नसताना!

ती रविवारची सकाळ. जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर एका पंख्याच्या कंपनीचा वार्षिक अहवाल पसरला होता. कंपनीचे शेअर घ्यायचे होते, आणि पैसे होते वाइंडरच्या लेकीचे. दुसऱ्याच्या सलूनमध्ये लोकांचे केस कापून तिने स्वतःच्या गाळ्यासाठी साठवलेले, सगळेच्या सगळे.

"मामा, ग्रॉस मार्जिन बघा! तीन वर्षांत चोवीसचं अडतीस. शंभराचा माल विकला की बनवायचा खर्च जाऊन अडतीस हातात!"

"हातात कुठले? त्यातून अजून ऑफिस, जाहिरात, व्याज जायचंय."

"ते जाऊ द्या हो. वाढलं की नाही?"

"वाढलं. पंख्याची किंमत वाढली का?"

"छे! म्हणून तर खप दणक्यात आहे."

"मग तांबं स्वस्त झालं?"

"उलट दीडपट महागलंय."

"मजुरी?"

"ती काय कमी होते का कधी?"

"अहो, मग वरचे चौदा आले कुठून? आभाळातून पडले?"

"मॅनेजमेंट, मामा, मॅनेजमेंट!" असं म्हणत जावईबापूंनी चहात बिस्किट बुडवलं.

वाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाच तो क्षण, पंखा फिरला तो. कपातला चहाही पुन्हा उकळला. उभा जन्म बोटांना तांब्याचा वास, आणि त्याला मॅनेजमेंट शिकवतात! त्याने भराभरा पानं उलटली. हमीतल्या पंख्यांच्या दुरुस्तीचा खर्च तिप्पट झाला होता. पण तो लिहिला होता पार खाली, 'इतर खर्चा'त. ग्रॉस मार्जिनला त्याचा साधा ओरखडाही नाही.

"हे वाचा. पंखे परत येतायत!"

"किरकोळ आहे हो. तुम्ही म्हणजे ना, मामा!"

झालं. वाइंडर स्टुलावर चढला. डोक्यावरचा पंखा त्याच कंपनीचा, जावईबापूंनीच मोठ्या हौसेने आणलेला. एका हिसक्यात तो पात्यांसकट उपटला, मोटर दातांनी उघडली, नखाने तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरीफटक. अ‍ॅल्युमिनियम!

"हे घ्या तुमचे चौदा! आज मार्जिन वाढतंय, उद्या मोटरी जळतील, परवा गिऱ्हाईक पाठ फिरवेल."

जावईबापूंनी कान पकडले. अहवाल रद्दीत गेला. एकही शेअर घेतला नाही, लेकीचे पैसे वाचले आणि तिचा स्वतःचा गाळा...

मानेमागे कात्री थांबली.

"बाबा, मान हलवू नका आणि गिऱ्हाइकांना थापा मारू नका. कसला गाळा? ही खुर्ची अजून मालकिणीचीच आहे. तार खरवडलीत तुम्ही, पण शेअर मातीमोल झाल्यावर. त्या रविवारी तुम्ही अहवाल मिटलात, चहा संपवलात आणि म्हणालात, 'जावईबापू, तुम्ही शिकलेले, तुम्हाला जास्त कळतं.'"